रूपक शोधताना घाई नको

तुम्ही अप्पा बळवंत चौकातून सी. एस. लुईसची नार्निया या काल्पनिक जगाची पुस्तके आणली आहेत आणि प्रत्येक पात्रामागे बायबलमधले कोण दडले आहे असे विचारता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आधी रूपककथा म्हणजे काय ते पक्के करा: तिच्यात प्रत्येक पात्र एका ठरावीक अर्थासाठी उभे असते. एकनाथांच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध. इंग्रज लेखक जॉन बन्यनच्या १६७८ मधील यात्रेकरूच्या कथेतही, जी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आली, पात्रांची नावेच अर्थ सांगून टाकतात. लुईसचे तसे नाही. नार्नियातला सिंह अस्लान हे रूपक नव्हे, तर तशा जगात ख्रिस्त अवतरला असता तर काय घडले असते याची कल्पना आहे, असे त्याचे स्वतःचे म्हणणे होते. म्हणून अस्लानच्या शिळेवरच्या मृत्यूचा प्रसंग सावकाश वाचा: अपराध एडमंड या मुलाचा, प्राण सिंहाचा, त्याच्या दोन बहिणी रात्रभर शवापाशी थांबतात, उंदीर दोर कुरतडतात आणि सूर्योदयाला शिळा दुभंगते. शेजारी बायबलमधील शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, पहाटे कबरीकडे जाणाऱ्या स्त्रियांचा प्रसंग ठेवा. मात्र उंदरांना शिष्यांची नावे देत बसू नका, तो उद्योग मी पूर्वी करून चुकलो आहे.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टॉल्किन याला तर रूपककथेचा तिटकाराच होता. तरीही त्याच्या कथेत दुष्ट अंगठीचा नाश होतो ती २५ मार्च ही तारीख, देवदूताने येशूची आई मरिया हिला दिलेल्या संदेशाच्या सणाची आहे. पण तारखेपेक्षा, ऐन वेळी अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोचा निश्चय ढळतो आणि अंगठीच्या मोहाने झपाटलेल्या गोलमवर पूर्वी केलेली दयाच कामी येते, तिथे अधिक रेंगाळा.