मधपाणी असू द्या, आधी मटकी भिजत घाला

प्रश्न : ताई, माझं वय ४३, वजन ७४ किलो. पतसंस्थेत काउंटरला बसते. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेते, दुपारी डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आणि आमटी. सोमवार आणि चतुर्थी धरते. तरी काटा जागचा हलत नाही. जाऊबाई म्हणतात, कुळीथ खा आणि जिरेपाणी घे, चरबी वितळते. खरंच असं काही असतं का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : वितळत काही नाही. चरबी म्हणजे तूप नव्हे, कोमट पाणी ओतलं की पातळ व्हायला. शरीर ती जाळतं आणि तिचा बहुतेक भाग आपण श्वासावाटे बाहेर टाकतो. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी हिशेब मांडला होता : १० किलो चरबी गेली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन जाते, उरलेलीचं पाणी होतं. आणि शरीर साठा जाळायला काढतं ते खाण्यातून कमी मिळायला लागल्यावरच. जिरेपाणी आवडत असेल तर खुशाल प्या. मध मात्र साखरेचाच भाऊ. मोठा चमचा घेत असाल तर साठेक कॅलरी तिथेच आल्या.

कुळथाबाबत जाऊबाई बरोबर आहेत, कारण तेवढं वेगळं आहे. कुळीथ, मटकी, मूग, हरभरा, सगळ्यांत १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांना वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शिवाय चोथा भरपूर. प्रथिनांच्या १०० कॅलरी खाल्ल्या तर त्यातल्या २० ते ३० पचवण्यातच खर्च होतात. भात-पोळीच्या बाबतीत हा खर्च ५ ते १०, तेला-तुपाच्या बाबतीत नावालाच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोट भरलेलं राहतं आणि वजन उतरताना स्नायू कमी झिजतात. तुमचा दिवस मी मोजून पाहिला, प्रथिनं चाळीस ग्रॅमही भरत नाहीत. तुम्हाला निदान पंचावन्न-साठ हवीत. पातळ आमटीत डाळ किती असते, ते तुम्हीही जाणता.

म्हणून डब्यात बटाट्याच्या भाजीऐवजी मोड आलेल्या मटकीची उसळ न्या, आणि तीही पोळीला लावण्यापुरती नको, वाटी भरून. एक पोळी कमी झाली तरी चालेल. रात्री कुळथाचं पिठलं करा, पण पीठ चमचाभर नको, माणशी अर्धी वाटी हवं. सोबत वाटीभर दही किंवा पाणीदार ताक, आणि काकडी-मुळा कचाकचा चावून. अंडी चालत असतील तर दोन उकडून खा, बारा ग्रॅम प्रथिनांची सोय झाली. ज्वारी चांगलीच, पण पिठाला पीठ लावून पाहिलं तर कॅलरी गव्हाइतक्याच. भाकरीला तेल लागत नाही, एवढा तिचा फायदा. मात्र आपल्या भागातली परातभर भाकरी दोन-तीन फुलक्यांचं काम करते, हे ध्यानात असू द्या.

आता उपवास. माझ्या मते तुमचा काटा इथेच अडला आहे. ताटभर साबुदाण्याची खिचडी घ्या : मूठ-दीड मूठ साबुदाणा, म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रथिनं जवळपास शून्य, त्यावर हात सैल सोडून घातलेलं कूट, तुपाची फोडणी, बटाट्याच्या फोडी. पाचशे कॅलरी सहज. वर दुपारी दाण्याचा लाडू आणि संध्याकाळी वेफर्स, कारण ‘आज काही खाल्लंच नाही’ असं वाटत असतं. उपवास सोडा असं मी सांगणार नाही, सांगितलं तरी कोण सोडणार आहे! राजगिऱ्याची भाकरी, दुधी किंवा लाल भोपळ्याची भाजी आणि दही असा फराळ करा. कूट घालायचंच तर दोन चमचे, मोजून.

आणि तेलाचा डबा. घरात चार माणसं असतील आणि पाच किलोचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज चाळीस ग्रॅमच्या वर तेल पोटात जातं, म्हणजे पावणेचारशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. कटावरची तर्री सगळ्यांना हवी असते, मान्य. ती वरून ज्याची त्याला वाढा, तुमची वाटी आधी काढून घ्या.

एकदा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. मधुमेहाची औषधं चालू असतील किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीचे, भात सुटत नाही. भात खाऊन वजन उतरेल का?
(एक वाचक, सध्या डोंबिवली)

उत्तर : उतरेल. १०० ग्रॅम शिजलेल्या भाताला १३० कॅलरी, यात गुन्हा काही नाही. अडचण होते ती सार-भात, मग आमटी-भात, मग ताक-भात अशा तीन फेऱ्यांची. वाटीने भात घ्या आणि फेरी एकच करा. तुमच्याकडे मासा आहे, हे तर भाग्यच! बांगडा रव्यात घोळून तळलात तर रवा तेल पितो. त्याचंच तिखलं, म्हणजे तिखट दाटसर कालवण, केलंत तर चमचाभर तेलात भागतं आणि भातही कमी लागतो. नारळाच्या रसाची आमटी रविवारी ठेवा. एरवी कोकमाचं सार प्या, पण गूळ बेताने.