नानांना विचारा : मोडेमवरची मोटार शर्यत

या वेळच्या टपालात कॉम्प्युटरवरच्या शर्यतींबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतली तीन घेतली आहेत. माझी उभी नोकरी टेलिफोनच्या केबली जोडण्यात गेली, त्यामुळे उत्तरं तारेपासून सुरू होतील. मोडेम म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटरला इंटरनेटशी जोडणारं यंत्र; तो ज्या आकड्याला जुळतो तो सेकंदाला किती बिट हे सांगतो. पिंग म्हणजे बातमी जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद.

प्रश्न : नाना, मी बारावीला आहे. सावद्याजवळच्या खेड्यात राहतो आणि इंटरनेटवर ‘ग्रां प्री लेजंड्स’ खेळतो. मोडेम 45,333 ला जुळतो, म्हणजे वेग वाईट नाही. तरी पिंग 300 ते 800 च्या मध्ये नाचतं. बाकीचे म्हणतात, तुझी गाडी उड्या मारते, म्हणून मला कुणी जवळ येऊ देत नाही. चार-पाच लॅप झाल्या की कनेक्शनच जातं. पप्पा नवा मोडेम घेऊन द्यायला तयार आहेत. कोणता घेऊ?
— एक वाचक, ता. रावेर

उत्तर : पप्पांना सांग, पैसे तूर्त राहू द्या. तुझा मोडेम 45,333 ला जुळतो आहे, म्हणजे तो धड आहे. फक्त तो आकडा येणाऱ्या डेटाचा आहे. 1998 साली आलेल्या मोडेमच्या व्ही.90 पद्धतीत घरातून बाहेर जाणारा डेटा जास्तीत जास्त 33,600 नेच जातो, आणि तुझी गाडी ट्रॅकवर कुठे आहे ही बातमी त्याच वाटेने जाते. तेवढा वेग शर्यतीला पुरतो. गेमचं एक पॅकेट, म्हणजे बातमीचा एक तुकडा, शंभर बाइटचं (आठशे बिटांचं) धरलं तर 33,600 वर ते 24 मिलिसेकंदांत तारेवर जातं. दोन्हीकडचे मोडेम, एक्स्चेंज आणि पुढचा प्रवास धरून 300 पिंग होतं, आणि तेवढ्यावर उत्तम शर्यत खेळता येते. तुला नडतंय ते 300 चं 800 होणं.

दोन पॅकेटांच्या मधल्या वेळात समोरच्याचा कॉम्प्युटर तुझी गाडी अंदाजाने पुढे सरकवत असतो. नवं पॅकेट आलं की तो गाडी खऱ्या जागी आणून ठेवतो. ताशी 200 किलोमीटरला गाडी सेकंदाला 55 मीटर जाते. अर्धा सेकंद बातमी अडली आणि तेवढ्यात तू वळणासाठी ब्रेक दाबला असलास, तर समोरच्याच्या पडद्यावर तुझी गाडी सरळ कठड्याकडे निघालेली दिसते आणि मग एकदम मागे येते. तीच ती उडी. पिंग कायम 350 असलेल्या मुलाबरोबर लोक आनंदाने चाक घासून खेळतात, कारण तो कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो.

आता बातमी अडते कुठे ते बघू. फोन उचल, एकच आकडा दाब. डायल टोन थांबेल आणि पुढचे काही सेकंद लाइन गप्प राहील. तेवढ्यात कान देऊन ऐक. काहीच ऐकू आलं नाही तर लाइन निरोगी. खरखर किंवा कडकड आली तर कुठेतरी जोड सैल आहे नाहीतर ओला आहे. एकसारखी घूं आली तर विजेचा संबंध आहे. दुसऱ्याचं बोलणं ऐकू आलं तर शेजारच्या जोडीशी गळती आहे. हे सकाळी दव असताना, भर दुपारी आणि रात्री असं वेगवेगळ्या वेळी कर. तुमच्याकडे मळ्यातून येणारी तार बऱ्याचदा मोटरपंपाच्या विजेच्या तारेला समांतर असते. थ्री फेज आल्यावरच घूं सुरू होत असेल तर ते कागदावर लिहून ठेव.

मग घरातला रोझेट उघड, म्हणजे भिंतीवरची ती छोटी पांढरी डबी. आतल्या स्क्रूवर हिरवट पूड दिसली तर तार सोड, टोक चाकूने खरवडून तांबं लाल चमकेपर्यंत साफ कर आणि पुन्हा घट्ट आवळ. हे ढग नसताना कर आणि त्या वेळी कुणी फोन करणार नाही असं बघ, कारण रिंग येताना तारेचा चांगला झटका बसतो. घरात दुसरा पॅरलल फोन असेल तर तो रोझेटपासूनच सोडव. नुसता रिसीव्हर खाली ठेवून भागत नाही, त्या फोनची वायर लाइनला लोंबतच राहते. मोडेमला थेट रोझेटवरून छोटी वायर दे. दारामागून, कपाटावरून फिरवलेली लांब चपटी वायर काढून टाक.

एवढं करूनही खरखर राहिली तर दोष बाहेर आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, तारेचं आवरण तडकतं आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरतं. 198 ला तक्रार नोंदव आणि लाइनमन आला की तुझा वेळांचा कागद त्याच्या हातात दे. “नेट स्लो आहे” या तक्रारीवर त्याला काहीच करता येत नाही. “पाऊस झाला की दोन दिवस खरखर असते” म्हटलंस की तो सरळ खांबावरचा डीपी, म्हणजे टेलिफोनच्या तारा जोडायची पेटी, उघडेल.

लाइन साफ झाल्यावरच सेटिंगला हात लाव. विंडोज 98 मध्ये डायल-अपच्या प्रॉपर्टीजमधून कॉन्फिगर, कनेक्शन, ॲडव्हान्स्ड असं जा आणि ‘कॉम्प्रेस डेटा’ची खूण काढ. शर्यतीचं पॅकेट आधीच लहान असतं, ते दाबण्यात फक्त वेळ जातो. तिथेच ‘यूज एरर कंट्रोल’ आहे. लाइन खरंच गप्प असेल तर तेही बंद करून बघ, कारण हरवलेलं जुनं पॅकेट मोडेमने पुन्हा मागवण्यापेक्षा पुढचं ताजं पॅकेट येणं शर्यतीत जास्त कामाचं. लाइनवर आवाज असताना मात्र ते चालूच राहू दे, नाहीतर पॅकेटं धडाधड गळतील. मोडेमच्या पुस्तिकेत वरचा वेग बांधायची कमांड असते. 45,333 ऐवजी 40,000 च्या आसपास बांध. मोडेम अगदी काठावरच्या वेगाने चालत असला की जरा आवाज आल्याबरोबर दोन्ही मोडेम पुन्हा जुळवाजुळव करायला बसतात. त्यात काही सेकंद जातात आणि गेम तुला बाहेर काढतो. चार-पाच लॅपनंतरचं तुझं तुटणं मला तरी तेच वाटतं.

शर्यतीच्या वेळी मेल, मेसेंजर, अँटीव्हायरसचं अपडेट, सगळं बंद. 1500 बाइटचं एक पॅकेट 33,600 वर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळ तार अडवून धरतं, आणि तुझी गाडी त्याच्या मागे उभी राहते.

प्रश्न : नानासाहेब, मी रेल्वेत आहे, भुसावळला रुळांलगतच्या क्वार्टरमध्ये राहतो. ‘लाइव्ह फॉर स्पीड’चा डेमो एकट्याने खेळताना सुरेख चालतो. ऑनलाइन गेलो की चित्रच अडखळतं. मोडेम कॉम्प्युटरच्या आत बसवलेला आहे. फोनवर सतत घूं असते. गाड्यांच्या विजेमुळे ती येणारच, असं सगळे म्हणतात.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : तुमचे दोन वेगळे आजार आहेत. चित्र अडखळतं कारण तुमचा मोडेम बहुधा सॉफ्टवेअर मोडेम आहे. स्वस्त कार्डावर सिग्नल उलगडणारी चिपच नसते, ते काम तुमचा प्रोसेसर करतो. शर्यतीच्या गेमला तोच प्रोसेसर टायर आणि सस्पेन्शनच्या हिशेबासाठी हवा असतो. इथे मात्र पैसे घाला. सीरियल पोर्टला लागणारा बाहेरचा मोडेम घ्या, जुना मिळाला तरी चालेल. कॉम्प्युटर फार जुना असेल तर पोर्टवर 16550 चिप आहे ना ते बघा. आलेला डेटा प्रोसेसरने उचलेपर्यंत ठेवायला तिच्यात 16 बाइटचा साठा असतो, तिच्या आधीच्या चिपमध्ये एकाच बाइटचा. पोर्टचा वेग 115,200 ठेवा.

आता घूं. रुळांवरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात आणि त्यांचा परिणाम जवळच्या टेलिफोन तारांवर होतो, हे खरं. पण “येणारच” हे मला मान्य नाही. टेलिफोनच्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो तो याचसाठी. बाहेरची वीज दोन्ही तारांत सारखीच शिरते, आणि रिसीव्हरला फक्त दोघींतला फरक ऐकू येतो. घूं ऐकू येते म्हणजे दोघी सारख्या राहिलेल्या नाहीत. एकीला कुठेतरी अर्थ लागला आहे, म्हणजे ती जमिनीला टेकली आहे, किंवा एकीचा जोड खराब आहे. लाइनमनला “आवाज येतो” एवढंच सांगू नका, “एका तारेला अर्थ आहे का तपासा” असं सांगा. एक्स्चेंजच्या टेस्ट डेस्कवरून ते लगेच मोजता येतं. तुमच्यासारख्या क्वार्टरांतल्या किती तरी लाइनी अशा दुरुस्त होऊ शकतात, पण घूं नशिबाचीच म्हणून लोक तक्रारच करत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा रात्री शर्यत खेळतो तेव्हा फोन एंगेज असतो. गावी सासरे आजारी आहेत, म्हणून कॉल वेटिंग घेतलं. मुलगा म्हणतो, त्याने त्याची शर्यत तुटते. खरं का?
— एक वाचक भगिनी, पारोळा

उत्तर : ताई, मुलगा खरं सांगतो. कॉल वेटिंगची टूं टूं लाइनवर आली की मोडेमला समोरचा सिग्नल क्षणभर ऐकू येत नाही आणि तो फोन ठेवून देतो. किती वेळ वाट बघायची हे मोडेममधल्या एस10 नावाच्या खान्यात सेकंदाच्या दहाव्या भागात लिहिलेलं असतं. तिथे बऱ्याच मोडेमांत 7 किंवा 14 असतात. मुलाला 50 लिहायला सांगितलं तर शर्यत बहुतेक वेळा वाचेल, पण मग गावचा फोन आलेला तुम्हाला कळणारही नाही. म्हणून सासऱ्यांना बरं वाटेपर्यंत तो खाना आहे तसा राहू द्या आणि कॉल वेटिंग चालू ठेवा. शर्यत तुटली की फोन आला आहे, हे मुलाला समजावून सांगा आणि रिसीव्हर लगेच उचलायला सांगा. व्ही.92 या व्ही.90 नंतरच्या पद्धतीच्या मोडेममध्ये इंटरनेट थोडा वेळ थांबवून फोन घेण्याची सोय आहे, पण इंटरनेट देणाऱ्याकडेही ती असावी लागते. आधी त्यांना विचारा, मगच मोडेम बदला.