बोंडू पडला की तास मोजायचे

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. वय ४३. बँकेच्या संगणक विभागात नोकरी, मुक्काम डोंबिवली. कुडाळ तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी वडिलांची ३ एकर जागा आहे. निम्म्या जागेत काजूची जुनी कलमं, बाकी कातळ आणि गवत. नोकरी सोडून तिथे द्राक्षं लावावीत आणि छोट्या प्रमाणावर सेंद्रिय वाइन करावी असं मनात आहे. सुरुवातीला शनिवार-रविवार जाऊन जमेल का? घरीच पाच-दहा लिटर करून बघू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : द्राक्षाचा विचार सोडा. नाशिक-सांगलीचा बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी घेतो, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि पुढे त्याला कोरडी हवा नि थंडी मिळते, म्हणून घड भरतात. तुमच्या गावात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त. ऑक्टोबरातही पानं सुकत नाहीत. अशा हवेत केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग वेलीला सोडणार नाहीत, आणि फवारण्या करत बसलात तर सेंद्रिय काय उरलं?

तुमची वाइन पत्रातल्या ‘जुन्या कलमां’त आहे. आपल्याकडे बी पिळून घेतात आणि बोंडू, म्हणजे बीच्या वरचं रसाळ फळ, झाडाखाली कुजायला टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. हद्दीपलीकडे गोव्यात त्याच बोंडूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फेणी भट्टीवर गाळतात. वाइन नुसती आंबवायची असते, त्यामुळे फळाचा वास तिच्यात जास्त राहतो. मी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून इकडे आले, आता सावंतवाडीच्या बाजूला परवाना घेऊन बोंडू आणि जांभळाची वाइन करते. म्हणून हे खात्रीने सांगते.

शनिवार-रविवारचं मात्र विसरा. पिकलेला बोंडू हातात घेऊन बघा: साल इतकी पातळ की अंगठा नुसता टेकला तरी रस येतो. सकाळी पडलेल्या बोंडूला दुपारपर्यंत आंबूस वास लागतो, बारीक माश्या बसतात, दुसऱ्या दिवशी तो तपकिरी पडून व्हिनेगरच्या वाटेला लागलेला असतो. पहाटे वेचायचा, बी पिळून काढायची, धुवायचा आणि त्याच दिवशी रस काढायचा. मंगळवारी पडलेलं फळ शनिवारी येणाऱ्या चाकरमान्यासाठी थांबत नाही. मार्च-एप्रिल तुम्ही मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राहणार असाल तरच हा धंदा करा. यंत्रं, टाक्या, बाटल्या सगळं नंतर जमतं.

रस घशाला खवखवतो, तो टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. साबुदाण्याचं पीठ पाण्यात शिजवून लिटरमागे ५ ग्रॅमच्या हिशेबाने घाला आणि रात्रभर ठेवा. गाळ तळाशी बसतो, वरचा रस निवळतो. जिलेटिननेही होतं, पण शाकाहारी गिऱ्हाईक विचारतं. रसात साखर १० ते १२ ब्रिक्स (म्हणजे साधारण शंभर ग्रॅम रसात तेवढे ग्रॅम) असते, तेवढ्यावर जेमतेम ६ टक्के मद्यार्क होतो आणि अशी वाइन उन्हाळ्यात टिकत नाही. २० ब्रिक्सच्या वर न्यायला साखर घालावी लागते, आणि लेबलवर सेंद्रिय लिहायचं तर तीही प्रमाणित सेंद्रियच हवी. हा खर्च आधीच धरा.

त्याहून मोठा खर्च गारव्याचा. अशी वाइन २० अंशांच्या आसपास सावकाश आंबायला हवी, तर एप्रिलमध्ये आपल्याकडे सावलीतही ३२-३३ असतं. चिऱ्याच्या भिंती मदत करतात, पण पुरत नाहीत. एक खोली चांगली बंदिस्त करून थंड ठेवावी लागेल. पैसे कमी पडले तर टाकी लहान घ्या, या खोलीत काटकसर करू नका.

घरी करून बघू नका. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते पाच लिटर असो. आधी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात जाऊन अटी लेखी विचारा. शिकण्यासाठी दुसरी वाट आहे. नाशिकच्या वायनरीत जानेवारी-फेब्रुवारीत द्राक्षं येऊ लागतात, तेव्हा तिथे हाताखाली काम करा, आणि मार्चला काजू भरात येईपर्यंत परत या. बागेसाठी वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र तुमच्या गावाजवळच आहे. जुन्या कलमांची छाटणी तिथल्या माणसांनाच विचारा, माझ्यावर विसंबू नका.

नोकरीबद्दल: एक हंगाम बिनपगारी रजा काढून बघा. त्या दोन महिन्यांत फक्त बोंडू वेचा आणि रस काढून सरबत करा. पाठ आणि मन दोन्ही टिकलं, तर राजीनामा द्या.

सेंद्रिय म्हणजे सल्फाइट (वाइन टिकवणारं रसायन) शून्य, असा अनेकांचा समज असतो. युरोपात सेंद्रिय पांढऱ्या वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, अमेरिकेत ‘ऑरगॅनिक’ म्हणवणाऱ्या वाइनमध्ये ते वरून घालताच येत नाही. आपल्या उष्म्यात थोडं घालावं, अशा मताची मी आहे.

काजूवर ढेकण्या ही कीड पडते, ती कोवळी पालवी आणि मोहोर काळा करते. कलमांवर हुमल्यांची, म्हणजे लाल मुंग्यांची, पानं शिवून केलेली घरटी दिसली तर चावतात म्हणून जाळू नका. ढेकण्यापासून झाड राखायला त्यांच्याइतका राखणदार नाही.

प्रमाणीकरणाचा अर्ज मात्र आत्ताच करा. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात बहुवार्षिक झाडांना साधारण ३ वर्षांचा रूपांतर काळ धरतात. बागेत रसायन पडलेलं नाही याचा कागदोपत्री पुरावा असेल तर तो कमी होऊ शकतो. वडिलांच्या जुन्या पावत्या, सातबारा शोधून ठेवा. गडग्यापलीकडे (बांधाच्या दगडी कुंपणापलीकडे) शेजारी फवारणी करत असतील तर त्यांच्याशी आधी बोला, नाहीतर त्या कडेच्या ओळीचं फळ तुम्हाला वेगळं काढावं लागेल.