शंका-समाधान : रात्रपाळी, संसार आणि न्यायाचा दिवस

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम. मी एका रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळी करून घरी आले की मुलांचे डबे, सासूबाईंची औषधे आणि त्यातच शाळेच्या व ड्युटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निरोप. बायबल उघडले तर दोन वचने वाचून होण्याआधीच डोळा लागतो. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात ‘जागृत राहा’ हा संदेश ऐकला की प्रभू आज आला तर मी तयार सापडणार नाही, या भीतीने जीव घाबरा होतो. संसारात गुंतलेल्या माणसाने न्यायाच्या दिवसाची तयारी करायची तरी कशी?
— एक भगिनी, मिरज

उत्तर : प्रिय भगिनी, ज्या वचनाने आपण घाबरता, त्याला लागूनच प्रभूने एका दासाचा दाखला दिला आहे (मत्तय २४:४५-५१). घरच्या लोकांना वेळच्या वेळी अन्न देण्याचे काम धन्याने त्याच्याकडे सोपवले होते, आणि धनी परतला तेव्हा तो तेच करताना आढळला, म्हणून त्याला धन्य म्हटले आहे. डबे भरणे, औषधे देणे, रात्री दोन वाजता रुग्णाची सलाईन बदलणे ही आपल्याकडे सोपवलेली कामे आहेत. ती करत असताना प्रभू आला तर आपण भलत्याच जागी सापडलो, असे मानण्याचे कारण नाही. पुढच्याच अध्यायात न्यायासनावर बसलेला राजा भुकेल्यांना अन्न दिले का, आजाऱ्यांचा समाचार घेतला का, हेच पाहतो, आणि उजवीकडे उभ्या केलेल्या नीतिमानांना आपण असे काही केल्याची आठवणसुद्धा नसते.

इथेच थांबलो तर आपल्याला बरे वाटेल, पण ते अर्धेच उत्तर होईल. ‘काम हीच भक्ती’ हे वाक्य आपल्या मंडळ्यांमध्ये फार सैलपणे वापरले जाते, आणि खरे सांगायचे तर ते मला कष्टकऱ्यांपेक्षा प्रार्थना टाळणाऱ्यांच्या तोंडून अधिक ऐकू येते. लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात जलप्रलयाआधीचे नोहाच्या आणि सदोम नगरातले लोटाच्या काळातील लोक खातपीत होते, लग्ने करत होते, खरेदी-विक्री, लागवड आणि बांधकाम करत होते, असे प्रभू सांगतो. यांपैकी एकही कृत्य पाप नाही, तरीही त्यांच्यावर नाश अचानक कोसळला, कारण या सगळ्यात देवाचे ऐकायला त्यांच्या मनात जागाच उरली नव्हती. लूक २१:३४ मध्ये अंतःकरण जड करणाऱ्या गोष्टी सांगताना प्रभू संसाराच्या चिंतांना मद्यासक्तीच्या पंक्तीला बसवतो. दारूविरुद्ध उपदेश करताना आम्ही पाळक आवाज चढवतो, पण चिंतेला मात्र आपण सारेच जबाबदारीची खूण समजून मान देतो. म्हणून आपण किती कामे करता याचा हिशेब करू नका. कामावरून आल्यावरही जे मनात घोळत राहते आणि हातातला मोबाईल ज्याला खतपाणी घालतो, त्याकडे पाहा.

झोपेविषयी तर निश्चिंत असा. दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींच्या दाखल्यात दहाही जणींना झोप लागली होती, शहाण्यांनासुद्धा. फरक दिव्यांसाठी सोबत घेतलेल्या तेलाचा होता, आणि मध्यरात्री हाक आल्यावर ते कोणी कोणाला उसने देऊ शकले नाही. त्या तेलाचा अर्थ भाष्यकारांनी निरनिराळा लावला आहे; मी त्याचा अर्थ विश्वास आणि पश्चात्ताप असा घेतो, कारण या दोन गोष्टी पती, आई किंवा पाळक आपल्या वतीने करू शकत नाहीत. त्यासाठी मोठा वेळ लागतो असेही नाही. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाचे आत्मपरीक्षण शिकवले. ते कॅथलिक परंपरेतले म्हणून आपण सोडून द्यावे असे मला वाटत नाही. झोपण्यापूर्वी, मग ती सकाळची नऊची वेळ का असेना, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाच मिनिटे बसा, गेलेल्या पाळीबद्दल देवाचे आभार माना, कोणाला तोडून बोललो ते आठवा आणि क्षमा मागा. ते माणूस घरातले असेल तर त्याच्याशी त्याच दिवशी समेट करा. मत्तय ५:२३-२५ मध्ये वेदीजवळचे अर्पण तसेच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितले आहे. सासूबाईंशी धरलेला अबोला हा राहिलेल्या बायबलवाचनापेक्षा मोठा अडथळा असतो.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठे आध्यात्मिक जागरण झाले. पापाच्या जाणिवेने मुली रडून प्रार्थना करत होत्या, आणि त्या काळात शेकडो जणींचा रोजचा स्वयंपाकही होतच होता.

राहिली भीती. योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१७-१८) न्यायाच्या दिवशी आपल्याला धैर्य असावे आणि पूर्ण प्रीती भीती घालवून देते, असे म्हटले आहे. जो न्याय करणार आहे, त्यानेच आपल्यासाठी प्राण दिला आहे.

प्रश्न : माझे थोरले बंधू मोबाईलवर एका परदेशी प्रवचनकाराला ऐकतात. त्याने प्रभूच्या येण्याची तारीख सांगितली आहे, ती दोन महिन्यांवर आली आहे. भाऊंनी उन्हाळी कांदा लावायचे टाळले आहे आणि सोसायटीचा हप्ताही थांबवला आहे. त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : प्रिय बंधू, तो दिवस स्वर्गातल्या दूतांनाही ठाऊक नाही (मत्तय २४:३६), एवढ्यावर तारखेचा प्रश्न मिटतो. अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती आणि काहींनी उभे पीकही काढले नाही. प्राचीन ग्रीसमधील थेस्सलनीका नगराच्या मंडळीतही प्रभूच्या दिवसावरून गोंधळ माजला होता आणि काही जण काम सोडून बसले होते. निवांतपणे काम करून स्वतःची भाकर खावी, अशी ताकीद प्रेषित पौलाने त्यांना दिली. भाऊंशी वाद घालण्याऐवजी दुसऱ्या थेस्सलनीकाकरांस पत्राचा तिसरा अध्याय त्यांच्यासोबत बसून वाचा. आपण देणे लागतो ते बुडवून प्रभूपुढे कसे उभे राहायचे, हेही त्यांना विचारा; हप्ता भरायला ते बहुधा तयार होतील. ती तारीख उलटून गेली की मात्र टोमणा मारू नका. मिलर यांच्या लोकांना निराशेइतकाच शेजाऱ्यांच्या चेष्टेचाही त्रास झाला, आणि कित्येकांनी तो मार्गच सोडला. त्या दिवशी भाऊंकडे जा, आणि तोवर लागवडीची वेळ टळली नसेल तर कांद्याची रोपे घेऊनच जा.