उधारी, अबोला आणि मोबाइलमधला पार

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं पैशाच्या ओढाताणीची आहेत. बहुतेकांना आकडेमोड जमते, कुणाशी बोलावं हे उमजत नाही. पाच पत्रं निवडली आहेत. नावं मुद्दामच छापलेली नाहीत.

दारव्हा तालुका, यवतमाळ

*पाच एकर वावर, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. सोसायटीचं पीककर्ज थकलं, कृषी केंद्राची उधारी आहे, वरून गावातल्या एकाचे वीस हजार शेकडा पाचाने. पारावर बसणं बंद केलं, कारण कोणी ना कोणी 'चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) आला का' विचारतंच. मोबाइलवर शेतीचे तीन ग्रुप आहेत. त्यात गुड मॉर्निंग, राजकारण आणि औषधांच्या जाहिराती. मन मोकळं करता येईल असा ग्रुप कुठं सापडेल?*

असा ग्रुप आयता सापडत नाही. बारा-पंधरा जणांचा जमवावा लागतो. व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात, आणि त्या गर्दीत तुमच्या कृषी केंद्राचा मालक असतो, सोसायटीचा सचिव असतो, बहिणीच्या सासरचे असतात. तिथं कोण आपलं कर्ज सांगेल? ते मोठे ग्रुप भाव, पाऊस आणि बोंडअळीपुरते राहू द्या. माणसं मात्र त्यातूनच हेरा. जो औषधाचं नाव सांगताना पंपाला किती मिली तेही सांगतो, जो दुसऱ्याच्या प्रश्नाची टिंगल करत नाही, त्याला आधी खाजगीत लिहा. असे चार जण मिळाले की सुरुवात झाली.

निवडताना तीन गोष्टी पाहा. पीक सारखं असावं, म्हणजे पैसा येण्या-जाण्याचे महिने सारखे येतात. एकाच गावचे दोघांहून जास्त नसावेत, म्हणजे बोललेलं पारावर पोचत नाही. आणि जो कर्ज देतो, बियाणं विकतो किंवा कुणाचा एजंट आहे, तो कितीही भला असला तरी नको. सगळे तालुक्याच्या बाजाराला येऊ शकतील एवढ्याच अंतरावरचे घ्या. एकदा समोरासमोर चहा झाला की मोबाइलवरचं बोलणं टिकतं. न भेटलेल्यांचे ग्रुप पेरणीच्या गडबडीत विझतात.

ग्रुप तयार केल्यावर 'ग्रुप परमिशन्स'मध्ये नवीन माणूस अॅडमिनच्या मंजुरीनेच येईल असं करा आणि इतरांनी सदस्य जोडण्याची परवानगी बंद ठेवा. इन्व्हाइट लिंक कुठं पसरली असेल तर ती 'रिसेट' करा, जुनी लिंक मरते. 'अॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' सुरू केली की गप्पा एक्सपोर्ट करता येत नाहीत. स्क्रीनशॉट मात्र थांबत नाही, म्हणून माणसांची निवडच महत्त्वाची. स्वतःच्या 'सेटिंग्ज–प्रायव्हसी–ग्रुप्स'मध्ये 'माय कॉन्टॅक्ट्स' ठेवा. नाहीतर अनोळखी लोक तुम्हाला भलत्याच ग्रुपात ओढत राहतील.

नियम तीनच पुरे: फॉरवर्ड नाही, आपसात उसनवार नाही, इथलं बोलणं बाहेर नाही. दुसऱ्या नियमाला लोक हसतात. पण ज्याने दोन हजार उसने घेतले आणि परत करता आले नाहीत, तो सगळ्यांत आधी गप्प होतो, मग ग्रुप सोडतो. ज्याला सोबतीची जास्त गरज, नेमका तोच जातो.

वेळ ठरवा. जेवणं आटोपल्यावर साडेआठ ते सव्वानऊ चालेल. एखाद्याने दुपारी आपलं दुखणं लिहिलं, बारा निळ्या खुणा उमटल्या आणि रात्रीपर्यंत उत्तर नाही, तर तो माणूस पुन्हा लिहीत नाही. ग्रुप मोडतात ते बहुधा इथंच. म्हणून जो आधी वाचेल त्याने दहा सेकंदांचा व्हॉइस तरी टाकावा: 'वाचलं भाऊ, राती बोलतो.' व्हॉइस आपल्या वऱ्हाडीतच असू द्या. टाइप करायला बसलं की माणूस अर्ज लिहिल्यासारखा बोलतो.

आता पहिला मेसेज. 'लय अडचणीत आहो' एवढंच लिहिलं तर हात जोडलेली चित्रं येतील, दुसरं काही नाही. चार गोष्टी लिहा: कुणाचे, किती, कधीपर्यंत, आणि आजवर काय करून पाहिलं. तुमच्या पत्रातलंच घ्या: 'एकाचे २०,००० शेकडा ५ महिन्याने, दर महिन्याला १,००० व्याज जाते, मुद्दल तसंच. परवाना आहे का विचारलं नाही. पुढं काय करू?' असं लिहिलं की उत्तर देणाऱ्याला धरायला काही मिळतं.

ते उत्तर आम्हीच देऊन टाकतो. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के, २०,००० वर १२,००० रुपये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के व्याज घेता येतं. म्हणजे याच रकमेवर विनातारण २,४०० रुपये. शिवाय व्याजाची एकूण वसुली मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. परवाना नसेल तर तो व्यवहारच बेकायदा. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी करा आणि पोच घ्या. कोरा स्टॅम्प, धनादेश किंवा वावराचं खरेदीखत करून दिलं असेल तर तेही तक्रारीत लिहा. लाजेपोटी लोक नेमकं हेच लपवतात.

सोसायटीच्या कर्जाबाबत एवढंच: तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत, म्हणजे खरिपासाठी ३१ मार्चपर्यंत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला व्याज पडत नाही. ती तारीख टळली की सवलत गेली. म्हणून जानेवारीतच ग्रुपवर एकमेकांना विचारा, 'भरणा कसा करतो?' तुमचं कर्ज आधीच थकलेलं असल्याने शाखेत जाऊन पुनर्गठनाचा, म्हणजे थकलेल्या कर्जाची मुदत नव्याने बांधून घेण्याचा, अर्ज द्या. जाताना ग्रुपमधल्या एकाला सोबत न्या. काउंटरवर दोघं उभे असले की आवाज बदलतो.

आर्वी तालुका, वर्धा

*तीन मायक्रोफायनान्सचे हप्ते आहेत. एकीचा हप्ता चुकला की सगळ्याजणींना बसवून ठेवतात, मग आमच्यातच भांडणं होतात. घरात फोन एकच, तो मुलाकडे किंवा मालकांकडे असतो. माझ्यासारख्या बायांशी बोलायचं तर कसं?*

ताई, आधी फोनचं. फोन एकच असला तरी ग्रुप चालतो, फक्त तास ठरलेला हवा. दुपारी दोन ते अडीच, घरी कोणी नसतं तेव्हा. तो ग्रुप 'चॅट लॉक'मध्ये ठेवा आणि 'डिसअपिअरिंग मेसेजेस' २४ तासांवर लावा. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये दुसऱ्या कुणाचा संगणक किंवा फोन जोडलेला नाही ना, हे महिन्यातून एकदा पाहा. लिहिता-वाचता न येणाऱ्या मैत्रिणीही व्हॉइसमुळे सामील होतात, त्यामुळे लेखी काही टाकूच नका. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटाची आठवड्याची बैठक होत असेल तर तिथल्याच चार-पाच जणींपासून सुरुवात करा. मात्र तुमच्याच हप्त्याच्या केंद्रातल्या बायांचा ग्रुप करू नका. भांडण फोनवर येईल.

हप्त्यांचं. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण मिळणारं कर्ज मायक्रोफायनान्स धरलं जातं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. घरात महिन्याला १०,००० येत असतील तर हप्त्यांची बेरीज ५,००० च्या आत हवी. वेळेआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करणं, शिव्या, धमक्या, नातेवाइकांना त्रास, हे सगळं नियमबाह्य आहे. कर्जाचं कार्ड तुम्हाला समजेल अशा भाषेत मागा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचा क्रमांक १५१००.

पहिल्या दिवशी ग्रुपवर एवढंच करा: प्रत्येकीने आपले हप्ते कोणत्या वारी येतात ते सांगायचं. कुणाचा कोणता दिवस भारी जातो हे कळलं की त्या दिवशी फोन कुणी करायचा, तेही कळतं.

मूर्तिजापूर, अकोला

*ग्रुपवर एकानं पन्नास हजाराचं कर्ज देतो म्हणून टाकलं. फाइल चार्ज म्हणून १,४९९ मांगतले, मी पाठोले. आता इन्शुरन्सचे २,८०० मांगते. त्याच ग्रुपात पीएम किसानची एपीके फाइल बी आली होती, ती बी टाकली मोबाइलात. काय करू?*

पुढचा एक रुपयाही पाठवू नका. कर्ज देणारा आगाऊ फी खात्यावर मागत असेल तर कर्ज नाहीच, फीच त्याची कमाई. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. हाती १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक, रक्कम, वेळ आणि ज्याला पाठवले त्याचा यूपीआय आयडी ठेवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. त्यानंतर बँकेलाही कळवा.

एपीकेचं, म्हणजे बाहेरून टाकायच्या अॅपच्या फाइलीचं, प्रकरण जास्त गंभीर. ती फाइल तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपी, वाचू शकते. फोन एअरोप्लेन मोडवर टाका. दुसऱ्या फोनवरून बँकेला कॉल करून खातं आणि यूपीआय थांबवा. मग ते अॅप काढा. निघत नसेल तर 'अॅक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस अॅडमिन'मधला त्याचा अधिकार आधी बंद करा. तरीही शंका राहिली तर फॅक्टरी रिसेट. सिम सुरू केल्यावर ##००२# डायल करा, कुणी कॉल वळवले असतील तर रद्द होतात. योजनेचे पैसे फाइल टाकून मिळत नाहीत, आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन फक्त देताना लागतो.

आणि हो, हे सगळं ग्रुपवर सांगा. ती फाइल आणखी दहा जणांनी उघडली असेल.

चिखली, बुलढाणा

*आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या मुलीची फी भरायची म्हणून वर्गणी काढावी म्हणतो. आधी सांगितलेला उसनवारीचा नियम मोडतो का?*

वर्गणी उसनवार नाही, पण बिघडते तशीच. पैसे अॅडमिनच्या खात्यात गोळा करू नका. कॉलेजच्या खात्यावर प्रत्येकाने थेट भरावे, किंवा एकाने भरून पावती टाकावी. कुणी किती दिले हे ग्रुपवर लिहू नका. पन्नास देणारा दोन हजार देणाऱ्यासमोर पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. आणि ज्याच्यासाठी काढताय त्याला आधी विचारा. त्याने नको म्हटलं तर नको.

पवनी, भंडारा

*धानाचं नुकसान झाल्यापासून आमच्या ग्रुपमधला एक भाऊ गप्प होता. परवा रात्री साडेअकराला त्याने लिहिलं, 'आता माझं काही उरलं नाही, घरच्यांकडे लक्ष द्या.' आम्ही सगळे घाबरलो, दहा जणांनी दहा मेसेज टाकले. त्याचा जीव वाचला. पुन्हा असं झालं तर काय करावं?*

टाइप करू नका, फोन लावा. दहा जणांनी नाही, एकाने. ज्याच्याशी त्याचं जास्त जुळतं त्याने. बाकीच्यांतल्या एकाने त्याच वेळी घरच्यांना किंवा शेजाऱ्याला उठवावं. म्हणूनच प्रत्येक सदस्याच्या घरचा आणि एका शेजाऱ्याचा नंबर दोघांकडे आधीच लिहून ठेवलेला हवा. हे पहिल्याच आठवड्यात करा.

फोनवर सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतोय का?' विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. बोलायला वाट मिळते. 'लेकरांकडे पाहा' असं सुनावू नका. तो त्याच ओझ्याखाली आहे. माणूस समोर पोचेपर्यंत फोन ठेवू नका. घरातली फवारणीची औषधं त्या रात्रीच दुसऱ्याच्या घरी कुलपात जायला हवीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही तिथं विचारू शकता. काही घेतल्याचा संशय असेल तर १०८ ला फोन करा, उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, आणि डबा किंवा बाटली दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरला औषधाचं नाव लागतं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्या मेसेजची चर्चा नको. त्याच्या धानाच्या पंचनाम्याचं काय झालं ते विचारा, जमलं तर तलाठ्याकडे सोबत जा. तिसऱ्या दिवशी फोन कोण करणार, आठव्या दिवशी कोण, पंधराव्या दिवशी त्याच्या घरी कोण जाणार, हे नावांसह दोघा-तिघांत ठरवून टाका.