लस कुणाची, दंड कुणाचा

गेल्या खेपेला एचआयव्हीच्या लशीविषयी ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली काही निवडली आहेत. दोन-तीन पत्रांत एकच प्रश्न होता, तो एकत्र केला आहे.

कोविडची लस वर्षभरात आली. एचआयव्ही सापडून चाळीस वर्षं झाली, तरी लस नाही. कंपन्यांना गोळ्याच विकायच्या आहेत का? – निवृत्त शिक्षक, फोंडा

सर, कंपन्यांची बाजू घेण्याचं मला कारण नाही, पण इथे दोष त्यांचा नाही. घाई तर पहिल्यापासूनच होती. 1984 साली अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी दोन वर्षांत लस चाचणीला तयार होईल असं जाहीर करून टाकलं होतं!

कोविडचे बहुतेक रुग्ण आपले आपण बरे होत होते. शरीराला उत्तर येत होतं, लशीने ते आधी शिकवून ठेवलं एवढंच. एचआयव्हीला शरीराने स्वतःच्या बळावर पुरतं हुसकावल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी. आदर्श उत्तरपत्रिकाच नसताना वर्गाला काय शिकवणार? त्यात हा विषाणू अंगावर साखरेच्या रेणूंची गोधडी पांघरून असतो, सतत रूप बदलतो आणि आपल्याच पेशींच्या जनुकांत घर करून बसतो. एकदा बसला की निघत नाही. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत त्याचा ‘सी’ उपप्रकार जास्त, युरोप-अमेरिकेत ‘बी’, थायलंडमध्ये आणखी वेगळा. एका देशाने आपल्यापुरती लस केली तर ती शेजाऱ्याला लागू पडेलच असं नाही.

या लशी अमेरिकेत बनतात आणि टोचतात मात्र आफ्रिकेत, थायलंडमध्ये. गरिबांना उंदीर समजतात का? – म्हापसा

संशय रास्त आहे. तुमच्या म्हापशाला तर तो घेण्याचा जास्तच हक्क आहे. 1989 साली डॉमिनिक डिसोझा या गोंयकार तरुणाला, रक्तदानानंतर एचआयव्ही निघाला म्हणून, तिथल्याच जुन्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस डांबून ठेवलं होतं. त्याच्या आईला कोर्टात जावं लागलं. सरकारच्या हातात सुई आणि कायदा दोन्ही असले की काय होतं ते आपण पाहिलेलं आहे.

तरीही चाचणी तिथे का, याचं कारण आकड्यांत आहे. लस काम करते का हे कळायला, ज्यांना ती टोचली आणि ज्यांना टोचली नाही अशा दोन गटांत नव्याने लागण किती झाली ते मोजावं लागतं. थायलंडच्या रयाँग आणि चोनबुरी प्रांतांतल्या चाचणीत 16,402 जण होते. थाई आरोग्य मंत्रालय आणि अमेरिकी लष्कराचे संशोधक यांनी ती मिळून चालवली. 2009 साली निकाल लागला: लस घेतलेल्यांत 51 जणांना लागण, न घेतलेल्यांत 74. म्हणजे सुमारे 31 टक्के बचाव. सोळा हजार माणसं, अनेक वर्षं, आणि शेवटी हाताशी हा तेवीसचा फरक! लागण जिथे कमी होते तिथे, म्हणजे आपल्या गोव्यात, हीच चाचणी लावली तर निकाल बघायला आपली नातवंडं लागतील.

हाच धागा धरून दक्षिण आफ्रिकेत ‘उहाम्बो’ ही चाचणी झाली. 5,407 जण होते. फेब्रुवारी 2020 मध्ये ती थांबवली, कारण लस घेतलेल्यांत 129 आणि न घेतलेल्यांत 123 लागणी दिसल्या. उपयोग शून्य.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. एकदा एका औषधाच्या चाचणीचं मराठी संमतिपत्र तपासायला माझ्याकडे आलं होतं. कुणाचं ते राहू दे. त्यात वाक्य होतं: ‘चाचणीदरम्यान आपली चाचणी केली जाईल व चाचणीत दोष आढळल्यास आपणास चाचणीतून वगळण्यात येईल.’ औषधाची चाचणीही चाचणी आणि रक्ताचीही चाचणीच. पुढे प्लासिबोला, म्हणजे तुलनेसाठी टोचायच्या बिनऔषधी सुईला, ‘कूटभेषज’ म्हटलं होतं. मी ते खोडून लिहिलं, ‘तुम्हाला औषध मिळेल किंवा नुसतं मिठाचं पाणी. कोणतं ते तुम्हाला कळणार नाही, सुई टोचणाऱ्यालाही नाही.’ मग आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘मग पाणीवाल्याला दुखणं झालं तर?’

बाई शाळेत चौथीच्या पुढे गेलेल्या नाहीत. चाचण्यांची योग्यायोग्यता तपासणाऱ्या नीतिसमित्या ज्यावर तासन् तास बसतात तो प्रश्न हाच. एचआयव्ही लशीच्या चाचणीत त्याचं उत्तर असं की दोन्ही गटांना निरोध, सल्ला आणि प्रतिबंधक गोळ्यांची सोय द्यायची, आणि तरी कुणाला लागण झालीच तर उपचार मिळण्याची व्यवस्था आधीच करून ठेवायची. हे कागदावर आहे. प्रत्यक्षात होतं का, हे त्या त्या गावच्या लोकांनी विचारत राहावं लागतं.

लशीमुळेच एचआयव्ही होऊ शकतो का? – पेडणे

नाही. लशीत अखंड विषाणू नसतो, त्याचे तुकडे किंवा ते घडवण्याची कृती असते. पण एक गोष्ट लपवू नये: 2007 मध्ये थांबवलेल्या एका चाचणीत काही पुरुषांना लशीनंतर लागणीचा धोका उलट वाढलेला दिसला. लशीतून विषाणू गेला नव्हता, बाहेरून होणारी लागण जास्त सहज झाली. स्वतंत्र तज्ज्ञांनी मधूनच आकडे तपासले म्हणून ते लवकर लक्षात आलं.

मुलगा लंडनला शिकतो. तिथे अशा लशीसाठी निरोगी स्वयंसेवक घेतात म्हणे. पुढे त्याला दुबईत नोकरी करायची आहे. काही अडचण? – एक आई, सांखळी

आहे, आणि ती आजाराची नाही, कागदाची आहे.

ताई, नेहमीची एचआयव्ही तपासणी मुख्यतः विषाणू नव्हे, तर त्याच्याविरुद्ध शरीराने घडवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) शोधते. किटवर रक्ताचा थेंब टाकतात, काही मिनिटांत पट्टीवर एक रेघ उमटते, ती तपासणी नीट झाल्याची खूण. दुसरी उमटली तर पॉझिटिव्ह. लशीचं काम प्रतिपिंडं तयार करणं हेच. तेव्हा लस घेतलेल्या ठणठणीत मुलाच्या पट्टीवरही दुसरी रेघ उमटू शकते, आणि ती वर्षानुवर्षं उमटत राहू शकते. खरं काय ते विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी तपासणी सांगते. आखातात कामाच्या व्हिसासाठी एचआयव्ही तपासतात, आणि तिथल्या काउंटरवर हे सगळं समजावत कोण बसणार? तारवावर, म्हणजे जहाजावर, कामाला जाणाऱ्यांचीही हीच गत.

मुलाला म्हणावं, सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घे. चाचणीत भाग घेतल्याचं ओळखपत्र, पुढेही लागेल तेव्हा ती दुसरी तपासणी फुकट करून मिळेल अशी हमी आणि कधीही फोन करता येईल असा माणूस. रक्तदानाचंही विचारून घे. एवढं करून त्याला जावंसं वाटलं तर अडवू नका. शिवाय आखाताचा बेत अगदी पक्का असेल तर ‘नको’ म्हणण्यातही कमीपणा नाही.

यात भारत कुठे आहे? – डिचोली

जवळच, पुण्यात. फेब्रुवारी 2005 मध्ये भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत देशातली पहिली एचआयव्ही लस-चाचणी सुरू झाली. लस सिएटलच्या कंपनीची, विषाणूचा नमुना ‘सी’ उपप्रकाराचा, पाठीशी आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधन परिषद, नॅको ही सरकारी एड्स नियंत्रण संस्था आणि एड्सच्या लशीसाठी झटणारी ‘आयएव्हीआय’ ही आंतरराष्ट्रीय संस्था. तीच लस बेल्जियम आणि जर्मनीतही तपासली जात होती. सुरक्षित निघाली, पण प्रतिकार बेताचाच. पुढच्या वर्षी चेन्नईत दुसरी लस चाचणीला आली.

अमेरिकेने पैसा आखडला. आता लशीचं संपलं का? आणि ते सहा महिन्यांचं इंजेक्शन म्हणजे लसच ना? – पणजी

इंजेक्शन लस नाही. लेनाकापाविर हे एचआयव्हीची लागण टाळणारं औषध आहे. शरीराला काही शिकवत नाही, स्वतःच पहारा देतं आणि सहा महिन्यांनी त्याची पाळी संपते. पण पहारा कडक आहे: दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या 2,134 स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्या 2027 पासून ते वर्षाला सुमारे 40 डॉलरला देणार आहेत.

पैशाचा फटका मात्र खरा आहे. आठ आफ्रिकी देशांच्या शास्त्रज्ञांनी स्वतःच्या नेतृत्वाखाली ‘ब्रिलियंट’ नावाचा लस-प्रकल्प उभा केला होता. 2025 च्या सुरुवातीला, पहिली चाचणी तोंडावर आलेली असताना, अमेरिकी मदत गोठली. वाईट याचं की विज्ञान नेमकं आता हलू लागलं होतं. एका छोट्या चाचणीत लस घेतलेल्या 36 पैकी 35 जणांच्या शरीरात, पुढे प्रभावी प्रतिपिंडं घडवू शकतील अशा दुर्मीळ पेशी जाग्या झाल्या. हीच पायरी नंतर रवांडा आणि दक्षिण आफ्रिकेतही तपासली गेली. ही पहिलीची परीक्षा आहे, दहावीची नाही. पण इतका चांगला निकाल आधी कधी लागला नव्हता.

गंमत म्हणजे, इंजेक्शन इतकं चांगलं असल्यानेच लशीची वाट अवघड झाली आहे. ते हाताशी असताना कुणाला नुसतं मिठाचं पाणी टोचायचं कसं? आणि सगळ्यांनाच इंजेक्शन दिलं तर लागण जवळजवळ होणारच नाही, मग लशीचा गुण मोजायचा कशावर? आमच्या बाईंना हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या यावरही काहीतरी विचारतील.