आठ दिवस थोमा कुठे होता?

न्यू जर्सीहून धुळ्याची एक ताई लिहिते: "यांची नोकरी गेली. एच-वन-बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर आहोत, नोकरी गेल्यावर इथे राहायला मिळणाऱ्या ६० दिवसांतले १९ गेले. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारते. संडे स्कूल शिकवणारी मी, आता प्रार्थनेला बसले की तोंडातून शब्द फुटत नाही. माझं तारण झालंय का, याचीच खात्री वाटेनाशी झालीय. आईला सांगायची सोय नाही, ती लगेच उपास धरेल. त्यात आमच्या ग्रुपवर एका भावांनी टाकलं, विश्वास कमी पडला की देव दार बंद करतो."

ताई, सलाम.

आधी त्या भावांचं मिटवू. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी नेमकं हेच विचारलं होतं: पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशूने दोन्ही नाकारलं. आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर फार शहाणे होते, तोंड उघडलं आणि घोळ झाला. ग्रुप म्यूट करा. भावांना कळणारसुद्धा नाही.

आता थोमा, येशूच्या बारा शिष्यांतला एक. आपण त्याला उगाच संशयी म्हणून बदनाम केलंय. येशू मेलेल्यांतून उठला, त्या पुनरुत्थानाच्या संध्याकाळी बाकीच्या शिष्यांना भेटला, तेव्हा थोमा तिथे नव्हता. बाकीचे म्हणाले, आम्ही प्रभूला पाहिलं. हा म्हणाला, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. पुढची ओळ आपण भरभर वाचून टाकतो: आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. ते आठ दिवस डोळ्यांपुढे आणून बघा. दहा जण आनंदात, आणि एकाच्या गळ्याखाली घास उतरत नाही. त्यांनी त्याला हाकललं नाही, तोही रुसून उठून गेला नाही. कुणीतरी त्याच्याही पुढे भाकर सरकवली असेल. मग येशू आला, आधी 'तुम्हांस शांती असो' म्हणाला, आणि थेट थोमाकडे वळून हात पुढे केले.

तुमचे आठ दिवस जरा लांबलेत, एवढंच. रविवारी जात राहा. गीत म्हणवत नसेल तर पुस्तक उघडून नुसतं उभं राहा, बाकीचे गातील. प्रभुभोजनाला जायचं की नाही असं मनात आलं, तर पाळकसाहेबांशी मोकळं बोला. मला विचाराल तर जा.

खात्री म्हणजे पोटात सतत शांत वाटणं, असं कुणीतरी आपल्याला शिकवून ठेवलंय. पंडिता रमाबाईंचं बघा. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, परक्या देशात, पदरी लहान मनोरमा. त्यानंतर त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव यावरून, त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टरशी पत्रांतून चांगलाच वाद घातला. ख्रिस्त आपल्याला स्वतःला भेटला असं त्या जे सांगतात, ते भारतात परतल्यावरचं, बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनीचं. त्याच बाईंनी पुढे केडगावात बसून अख्खं बायबल मराठीत आणलं.

माझंही सांगते. वडिलांचं ऑपरेशन होतं, चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात. रात्रभर व्हरांड्यात बसले होते, सुरतच्या लाइनवरून गाड्या धडधडत जायच्या, आणि मला 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'च्या पुढे काही आठवेना. शेजारी नवापूरकडची एक मावची आदिवासी बाई, तिचं माणूस आत. तिने विचारलं नाही, पुसलं नाही. माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तिच्या भाषेत पुटपुटत राहिली. मला एक अक्षर कळलं नाही. पण ती रात्र मी तिच्या प्रार्थनेवर काढली.

म्हणून म्हणते, आईला सांगा. धरू दे तिला उपास. तुम्हाला आज जमत नाही ते ती करेल. आणि तुमची स्वतःची प्रार्थना तिथल्या चर्चमुळे इंग्रजीत व्हायला लागलीय का, ते बघा. घरच्या बोलीत बोलून बघा. 'देवा, माले काहीच सुचत नही' एवढीसुद्धा पुरी प्रार्थना आहे. स्तोत्रकर्ता तरी तेराव्या स्तोत्रात दुसरं काय म्हणतो? किती वेळ, परमेश्वरा?

कागदांचं देवावर टाकू नका. मुदत ६० दिवस किंवा आय-९४ ची, म्हणजे तिथे राहायच्या परवानगीच्या नोंदीवरची तारीख, जे आधी संपेल ते. मोजणी बहुधा पगार ज्या दिवसापर्यंत धरलाय त्याच्या दुसऱ्या दिवसापासून होते, तेव्हा तुमच्या फुल्या बरोबर पडताहेत का, हे याच आठवड्यात इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. आणि झोप पूर्णच उडाली असेल तर डॉक्टरकडे जा, त्यात विश्वासाला कमीपणा नाही.

मुलगा विचारेल, देव बाबांना नोकरी देईल ना? वचन देऊ नका. आपल्यालाही माहीत नाही, पण आपण मिळून मागतोय, असं सांगा. खोटं पोरांना लगेच कळतं.

तुमच्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे धुळ्यात सकाळचे साडेसहा, तुमच्या हिवाळ्यात साडेसात. आईने चहा टाकलेला असेल. तेव्हाच फोन करा.